वचन आणि तरतूद

संकटात सापडलेल्या प्रजेला राजाने साहाय्य करावे, ही अपेक्षा फार जुनी आहे. त्या साहाय्याला दया म्हणावे की देणे म्हणावे, हा प्रश्न मात्र त्या मानाने नवा. दयेचे प्रमाण देणाऱ्याच्या मर्जीवर ठरते आणि तिजोरीत खडखडाट झाला की ती आटोपती घेता येते. देण्याचे तसे नाही. देणेकऱ्याला पैसा उभा करावाच लागतो आणि तो कोणाकडून घ्यावयाचा, हेही उघडपणे सांगावे लागते. दुष्काळात मजुराला मिळणारे काम दयेच्या वहीतून देण्याच्या वहीत नोंदले जावे, यासाठी महाराष्ट्र राज्यात १९६५ ते १९७९ या काळात जो खटाटोप झाला, तो रोजगार हमी योजनेच्या नावाने प्रसिद्ध आहे. त्या योजनेच्या कायद्याविषयी पुष्कळ बोलले जाते. तो कायदा ज्या करांच्या पायावर उभा राहिला, त्यांच्याविषयी मात्र फारसे बोलले जात नाही. आणि योजनेचे यशापयश पुढे ठरले ते मुख्यतः ह्या पायानेच.

भारतीय संविधानाच्या ४१व्या अनुच्छेदाने नागरिकाला काम मिळण्याचा हक्क प्राप्त करून देण्याचे कर्तव्य राज्याला सांगितले आहे. परंतु ते सांगताना, राज्याच्या आर्थिक कुवतीची मर्यादाही त्याच वाक्यात घालून दिली आहे. ही कुवत मोजावयाची कोणी? तिची मोजणी दरवर्षी अंदाजपत्रकाच्या निमित्ताने होते आणि ती करताना शाळा, रस्ते, धरणे, पोलीस, पगार, कर्जावरील व्याज असे अनेक हक्कदार रांगेत उभे असतात. ज्याला संघटना नाही, ज्याचे गाव राजधानीपासून दूर आहे आणि ज्याची गरज पावसावर अवलंबून असल्यामुळे आधी सांगता येत नाही, असा भूमिहीन मजूर त्या रांगेत स्वाभाविकपणेच शेवटी राहतो.

ह्या रांगेचा इतिहास जुना आहे. १८७६-७७ साली दख्खनवर आणि मद्रास इलाख्यावर भीषण दुष्काळ कोसळला. इलाख्यांच्या सरकारांनी दुष्काळी कामे काढली. पण वाढता खर्च पाहून व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या सरकारने सर रिचर्ड टेंपल यांना काटकसरीचे अधिकार देऊन पाहणीसाठी पाठविले. दिवसभर खडी फोडणाऱ्या वा माती वाहणाऱ्या पुरुषाला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे एवढी मजुरी पुरे आहे, असे टेंपल यांनी ठरविले. मद्रास इलाख्याचे आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश यांनी एवढ्या अन्नावर राबणारे शरीर टिकणार नाही, असा आक्षेप घेतला. मुंबई इलाख्यात हजारो मजूर ती मजुरी नाकारून कामांवरून निघून गेले आणि गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, यांच्या पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती जमवून सरकारकडे अर्ज पाठविले. एक पौंड की त्याहून अधिक, हा वाद वरवर पाहता धान्याच्या मापाचा होता. खरे पाहता तो कलकत्त्याची तिजोरी आणि मुंबई-मद्रासच्या तिजोऱ्या यांच्यातील हिशेबाचा वाद होता आणि त्या हिशेबात मजुराचे पोट ही एक रक्कम होती.

१८८० च्या दुष्काळ आयोगानंतर प्रांतोप्रांती दुष्काळसंहिता तयार झाल्या. काम केव्हा काढावे, मजुरी कशी ठरवावी, तपासणी कोणी करावी, याचे नियम त्यांत आले आणि कारभाराला एक शिस्त लागली. परंतु दुष्काळ आहे की नाही हे सांगण्याचा अधिकार सरकारकडेच राहिला. सरकारने दुष्काळ जाहीर केला तर काम. न केला तर नाही. पाऊस पडला की काम बंद. मजुराची गरज मात्र सरकारी घोषणेच्या तारखेला सुरू होत नव्हती आणि तिच्याबरोबर संपतही नव्हती. १९०२ साली वरिष्ठ कायदेमंडळातील आपल्या पहिल्या अंदाजपत्रकीय भाषणात नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी, लोक हलाखीत असताना सरकारी हिशेबात शिल्लक दिसते याचा अर्थ कर अधिक घेतले जात आहेत, असे दाखवून दिले. अंदाजपत्रक हे लोकस्थितीशी ताडून वाचले पाहिजे, ही शिकवण त्या भाषणाने घालून दिली. राज्यकर्ते बदलले तरी ती जुनी झाली नाही.

१९६० साली महाराष्ट्र राज्य स्थापन झाले तेव्हा मुंबईसारखे संपन्न औद्योगिक नगर त्याच्या वाट्याला आले होते. पण सह्याद्रीच्या पूर्वेकडील पर्जन्यछायेचा विस्तीर्ण पट्टाही त्याच राज्यात होता. नगर, सोलापूर, सांगली, बीड, उस्मानाबाद ह्या जिल्ह्यांतील जमीन बव्हंशी कोरडवाहू. एक पाऊस हुकला की शेतकऱ्याचे पीक जाई आणि मजुराचा रोज जाई. आणि पाऊस नीट झाला तरी उन्हाळ्याचे चार महिने रोज नसेच. राज्याच्या एका टोकाला करांचे उत्पन्न आणि दुसऱ्या टोकाला कामाची भूक, अशी ही रचना होती. या दोहोंना जोडणारा पूल अंदाजपत्रकातूनच बांधावा लागणार होता.

तो पूल कल्पिणाऱ्यांत अग्रणी होते विठ्ठल सखाराम पागे. स्वातंत्र्यलढ्यातून आलेले, गांधीविचाराचे आणि संतवाङ्मयाचे अभ्यासक असलेले पागे १९६० पासून सुमारे अठरा वर्षे विधान परिषदेचे सभापती होते. सभापतीच्या आसनावर बसणाऱ्याला सभागृहातील वादात उतरता येत नाही. म्हणून पागे यांनी आपला मुद्दा पत्रव्यवहारातून आणि प्रत्यक्ष प्रयोगातून मांडला. १९६५ च्या सुमारास त्यांनी मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांना कळविले की, ग्रामविकासाच्या योजना आखताना प्रथम कामे ठरवून मग मजूर शोधण्याची रीत उलटी केली पाहिजे. गावात काम मागणारे किती आहेत ते आधी मोजावे आणि तेवढ्या हातांना पुरतील अशी कामे मग काढावीत. सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात विसापूर परिसरात ह्या विचाराचा प्रयोग झाला. काम मागणाऱ्यांची संख्या अमर्याद असेल आणि तिजोरी बुडेल, ही भीती मोजणी केली की बरीच कमी होते, हा त्या प्रयोगाचा मोठा धडा होता. जड अंगमेहनतीचे, किमान मजुरीचे काम मागायला येणारा मनुष्य गरजूच असतो. त्याची पात्रता तपासण्यासाठी निराळा दाखला लागत नाही.

१९७२ साली राज्याने रोजगार हमी योजना जाहीर केली. परंतु ती जेमतेम उभी राहते तोच दुष्काळाने तिला गाठले. १९७० पासून लागोपाठ तीन वर्षे पावसाने दगा दिला होता; १९७२-७३ हे वर्ष त्यांत सर्वांत कठीण. नवी योजना बाजूला ठेवून राज्याला जुन्या पद्धतीची दुष्काळी कामे प्रचंड प्रमाणावर काढावी लागली. मे १९७३ मध्ये ह्या कामांवरील मजुरांची संख्या ५० लाखांच्या घरात गेली होती. १९७१ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे ५ कोटी ४ लाख होती. म्हणजे लहान मुले, वृद्ध आणि शहरवासी धरूनही दर दहा माणसांत एक माणूस त्या महिन्यात सरकारी कामावर राबत होता. खडीचे ढीग, मातीच्या पाट्या, सुकडीचे वाटप आणि पाण्याच्या टँकरभोवतीची गर्दी हे त्या वर्षाचे चित्र जुन्या पिढीच्या मनात कायमचे राहिले. एवढ्या मोठ्या संकटात भूकबळींचे प्रमाण पूर्वीच्या दुष्काळांसारखे झाले नाही, ही कारभाराची मोठी कमाई होती.

ह्या कमाईतूनच पुढचा वाद उभा राहिला. पाऊस आल्यावर कामे बंद करावीत, ही संहितेची रीत होती. पण पाच-सहा दशकांपूर्वीचा असंघटित मजूर आता राहिला नव्हता. कामांवर लक्षावधी स्त्रीपुरुष एकत्र आले होते. डाव्या आणि समाजवादी पक्षांनी त्यांचे मोर्चे काढले होते, परिषदा भरविल्या होत्या. दत्ता देशमुख, मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, एन. डी. पाटील, गणपतराव देशमुख अशी मंडळी मजुरांच्या बाजूने उभी होती. नुसती खडी फोडून रस्त्याच्या कडेला ढीग लावण्यापेक्षा पाझर तलाव, बांधबंदिस्ती, नालाबंदिस्ती अशी पुढच्या दुष्काळाला तोंड देणारी कामे काढावीत, ही त्यांची मागणी होती. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ साली भारतातील दारिद्र्यावरचा आपला प्रसिद्ध अभ्यास प्रकाशित केला होता आणि ग्रामीण गरिबांसाठी मोठ्या प्रमाणावर सार्वजनिक कामे काढावीत, हा उपाय त्यात मांडला होता. म्हणजे रस्त्यावरचा मोर्चा, सभापतींचे पत्र आणि अर्थशास्त्रज्ञांचा ग्रंथ ह्या तिन्ही वाटा एकाच ठिकाणी येऊन मिळत होत्या. प्रश्न राहिला होता तो पैशाचा.

दुष्काळी कामांसाठी केंद्र सरकार राज्यांना योजनेबाहेरचे साहाय्य देत असे. राज्याने मागावे, केंद्राच्या पथकाने पाहणी करावी आणि मग रक्कम ठरावी, अशी ती पद्धत होती. पण १९७३ साली सहाव्या वित्त आयोगाने ह्या पद्धतीबद्दल प्रतिकूल मत दिले. मदतीच्या नावाखाली खर्च वाढत जातो आणि त्यातून टिकाऊ असे थोडेच निर्माण होते, असे आयोगाला दिसून आले. यापुढे राज्याने असा खर्च आपल्या योजनेतच बसवावा आणि लागल्यास योजनेचे साहाय्य आगाऊ उचलावे, असा मार्ग त्याने सुचविला. राष्ट्रीय हिशेबाच्या दृष्टीने त्यात तथ्य होते. महाराष्ट्राच्या दृष्टीने मात्र त्याचा अर्थ असा झाला की, बारमाही काम देण्याचे वचन द्यावयाचे तर दिल्लीच्या भरवशावर देता येणार नाही. त्याचे मोल राज्यालाच मोजावे लागेल.

राज्याच्या वित्त विभागासमोर येथे दोन अडचणी उभ्या राहतात. पहिली तत्त्वाची. राज्याला मिळणारा प्रत्येक कर एकत्रित निधीत जातो आणि तेथून विधानमंडळाच्या मंजुरीने निरनिराळ्या कामांवर खर्च होतो. अमुक कराचा पैसा अमुकच कामाला, अशी गाठ मारली की उद्याच्या निकडीसाठी हात बांधले जातात. म्हणून कोणत्याही देशातील कोषाधिकाऱ्याला अशी गाठ आवडत नाही. दुसरी अडचण अंदाजाची. शाळेला किती शिक्षक लागतील हे आधी सांगता येते. पण किती मजूर काम मागतील हे मृगाच्या पावसाआधी कोण सांगणार? शिवाय ज्या वर्षी पाऊस जातो त्या वर्षी मागणी वाढते आणि नेमके त्याच वर्षी राज्याचे उत्पन्न घटते. ज्या खर्चाचा आकडा ठरलेला नाही, तो अंदाजपत्रकात लिहावयाचा कसा?

या दोन्ही अडचणींवर १९७४ आणि १९७५ या वर्षांत जे उत्तर काढण्यात आले, ते ह्या कथेचे मर्म आहे. हमीसाठी स्वतंत्र निधी करण्याचे ठरले आणि त्या निधीसाठी नावानिशी कर बसविण्यात आले. सर्वांत महत्त्वाचा कर व्यवसायांवरचा. महाराष्ट्र राज्य व्यवसाय, व्यापार, आजीविका व नोकऱ्या यांवरील कर अधिनियम १९७५ साली झाला आणि कारखान्यातील कामगार, कचेरीतील कारकून, डॉक्टर, वकील, व्यापारी ह्या सर्वांना हमीच्या खर्चात वाटा उचलावा लागला. संविधानाच्या २७६व्या अनुच्छेदाने अशा करावर माणशी वर्षाला २५० रुपयांची कमाल मर्यादा त्या काळी घातलेली होती, त्यामुळे एकट्या ह्या करावर भागणारे नव्हते. मोटारगाड्यांवर जादा कर आला, विक्रीकरावर अधिभार आला. १९६२ चा शिक्षण उपकराचा जो कायदा होता त्याला रोजगार हमीची जोड मिळाली आणि बागायती जमिनीवर व बिगरनिवासी इमारतींवर उपकर बसला. ह्या सर्व करांची जेवढी निव्वळ रक्कम जमेल, तेवढीच भर राज्य सरकारने सर्वसाधारण महसुलातून घालावी, असे ठरले. नागरिकाने एक रुपया दिला की सरकारने दुसरा द्यावयाचा.

ह्या समसमान वाट्याचे महत्त्व सहज नजरेत भरत नाही. कर देणाऱ्याची नेहमीची शंका अशी असते की, नव्या कराचा पैसा आला की सरकार जुना खर्च तेवढ्याने कमी करील आणि एकंदर कामात वाढ होणार नाही. समान भर घालण्याच्या बंधनाने ती शंका निदान कागदावर तरी दूर केली. तसेच, बऱ्या वर्षी शिल्लक राहिलेली रक्कम वाईट वर्षासाठी निधीत राहावी, ह्या कल्पनेने अनिश्चित मागणीची अडचणही हलकी झाली.

ह्या व्यवस्थेला निरनिराळ्या पक्षांची मान्यता मिळाली, पण सर्वांचे हेतू एकच होते असे समजण्याचे कारण नाही. गावचे काम गावात मिळाले तर दुष्काळात मुंबई-पुण्याकडे येणारे लोंढे थोपतील, असा शहराचा हिशेब होता. आपल्या शिवारात पाझर तलाव आणि रस्ते होतील, विहिरींना पाणी वाढेल, असा बागायतदाराचा हिशेब होता. मात्र हंगामात मजूर महाग होईल, ही धास्तीही त्याला होती. डाव्या पक्षांना मजुराची पत वाढवावयाची होती, तर सत्ताधारी पक्षाला ग्रामीण पाठिंबा टिकवावयाचा होता. टीकाकार पुढे असे म्हणू लागले की, मजुराला मजुरी मिळाली पण तिच्यातून उभी राहिलेली मालमत्ता जमीनमालकाच्या पदरात पडली. ह्या टीकेत सत्य आहे. तथापि, ज्याला काहीच विकावयाचे नसते त्याच्यासाठी शहरावर कर बसविण्याचा ठराव विधिमंडळात एरवी किती वेळा संमत होतो? परस्परांहून भिन्न हितसंबंधांची एका करावर गाठ पडली, म्हणूनच तो ठराव तरला.

१९७७ साली हमीचे रूपांतर कायद्यात झाले. महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम दोन्ही सभागृहांनी एकमताने संमत केला. राष्ट्रपतींची संमती मिळून तो २६ जानेवारी १९७९ रोजी अमलात आला. वसंतराव नाईक यांच्या काळात सुरू झालेली ही वाटचाल शंकरराव चव्हाण आणि वसंतदादा पाटील यांच्या कारकिर्दींतून जाऊन शरद पवार मुख्यमंत्री असताना पूर्ण झाली. मध्यंतरी आणीबाणी आली आणि गेली, सत्तारूढ पक्ष फुटला, सरकारे बदलली. तरीही ह्या प्रश्नावरील सहमती ढळली नाही.

कायद्यातील कलमे मोजकी पण नेमकी होती. ग्रामीण भागातील प्रौढ व्यक्तीने अंगमेहनतीचे काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत ते दिले पाहिजे. ते न दिल्यास बेकारी भत्ता द्यावा लागेल. तो दिवसाला किमान एक रुपया ठरला. कामे कंत्राटदारामार्फत करावयाची नाहीत. खर्चाचा किमान साठ टक्के भाग अकुशल मजुरीवर झाला पाहिजे. मजुरी कामाच्या मापावर असल्यामुळे एकाच मापाला स्त्रीला आणि पुरुषाला एकच दर मिळू लागला. शेतमजुरीत बाईचा रोज पुरुषापेक्षा कमी असणे हा जेथे सर्वमान्य रिवाज होता, तेथे ही मोठी गोष्ट होती. ह्या कामांवर स्त्रिया फार मोठ्या संख्येने आल्या, यात आश्चर्य नाही. ‘मागेल त्याला काम’ हे योजनेचे ब्रीद खेडोपाडी पोहोचले. १९७९-८० साली सुमारे वीस कोटी मनुष्यदिवसांचा रोजगार ह्या योजनेतून मिळाला.

एक रुपयाचा भत्ता हास्यास्पद वाटेल. व्यवहारात तो दिला गेला, अशी उदाहरणेही फारच थोडी. पण त्याचे मोल रकमेत नव्हते. काम न देणे ही आता कारभाराची चूक ठरत होती आणि त्या चुकीची किंमत सरकारी हिशेबात लिहिली जाणार होती. मजूर मोर्चा घेऊन तहसील कचेरीवर जाई तेव्हा त्याच्या हातात याचनेचा अर्ज नसून कायद्याचे कलम असे. महसूल खात्याला कामांचे आराखडे आधीपासून तयार ठेवावे लागत, कारण मागणीचा अर्ज आल्यापासून पंधरा दिवसांची घटका सुरू होई.

आता दुसरी बाजू. १९८८ साली राज्यातील किमान वेतनाच्या दरात वाढ झाली आणि तिला अनुसरून हमीच्या कामावरील मजुरीही जवळजवळ दुप्पट झाली. मजुराच्या दृष्टीने ही न्याय्य गोष्ट होती. दर वाढल्यावर काम मागणारे वाढावयास हवेत. परंतु कामांवरील उपस्थिती मोठ्या प्रमाणात घटली. ह्या घटीचा अभ्यास केलेल्या अर्थशास्त्रज्ञांना असे आढळले की, लोकांची गरज कमी झाली हे तिचे एकमेव कारण नव्हते. काम देण्याचे प्रमाणही आखडले गेले होते. कायद्याचा शब्द तसाच होता, पण नवी कामे उशिरा सुरू होत किंवा दूर निघत. हमी नाकारली गेली नाही. तिच्यापर्यंत पोहोचण्याची वाट लांबविली गेली.

ह्यात एक विपरीत योगायोग आहे. त्याच वर्षी, १९८८ साली, साठाव्या घटनादुरुस्तीने व्यवसाय कराची कमाल मर्यादा वर्षाला २५० वरून २,५०० रुपयांवर नेली. म्हणजे हमीच्या नावाने घेतलेल्या कराचे उत्पन्न वाढण्याचा मार्ग मोकळा झाला, तेव्हाच हमीची कामे कमी होऊ लागली. पुढील दशकात कराचे उत्पन्न वाढत गेले आणि योजनेवरचा खर्च त्याच्या मागे पडला. १९९० च्या सुमारास फळबाग लागवडीची जोड देऊन योजनेचे क्षेत्र वाढविण्यात आले, त्याचा कोरडवाहू शेतकऱ्यांना लाभही झाला. पण राज्याची आर्थिक स्थिती ओढगस्तीची झाली तेव्हा जमलेला सर्व पैसा वेळच्या वेळी हमीच्या निधीत वर्ग होईनासा झाला. कोषाधिकाऱ्याला मुळातच न आवडणारी ती गाठ कोणी उघडपणे सोडली नाही; ती हळूहळू सैल होत गेली. कायदा मोडण्यासाठी विधेयक लागते आणि त्यावर सभागृहात वादळ उठते. निधी वर्ग करण्यास विलंब झाला तर त्याची नोंद एका लेखाशीर्षाखाली होते आणि ती वाचणारे थोडे असतात.

एवढे असूनही योजनेचा ठसा राज्याच्या सीमेबाहेर उमटला. २००५ साली संसदेने राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी अधिनियम संमत केला आणि २ फेब्रुवारी २००६ रोजी आंध्र प्रदेशातील अनंतपूर जिल्ह्यातून त्याचा आरंभ झाला, तेव्हा पंधरा दिवसांची मुदत, बेकारी भत्ता, कंत्राटदारांना मज्जाव आणि मजुरीचा साठ टक्के वाटा ही महाराष्ट्राच्या कायद्यातील कलमे सर्व देशाला परिचित झाली. दोहोंत भेदही होते. महाराष्ट्राच्या कायद्याने दिवसांची मर्यादा घातली नव्हती. केंद्राच्या त्या कायद्याने कुटुंबामागे वर्षाला शंभर दिवसांची हमी दिली. पैशाची रचना तर अगदीच निराळी होती. अकुशल मजुरीचा संपूर्ण भार आणि साहित्याच्या खर्चाचा तीन-चतुर्थांश भाग केंद्राने उचलला, पण बेकारी भत्ता राज्यावर टाकला. काम दिले तर दिल्लीचा पैसा खर्ची पडेल. न दिले तर राज्याचा. राज्याला काम काढण्याची प्रेरणा राहावी, ही त्यामागची युक्ती होती. महाराष्ट्राने आपला कायदा त्याच्याशी जुळवून घेतला आणि शंभर दिवसांपुढील काम आपल्या निधीतून देण्याची सोय ठेवली. हमीचे वचन देशभर गेले, पण तिच्यासाठी नावानिशी कर बसविण्याची महाराष्ट्राची रीत तिच्याबरोबर गेली नाही. परिणामी प्रत्येक वर्षी केंद्राच्या अंदाजपत्रकात किती तरतूद होते, इकडे सर्व राज्यांना डोळे लावून बसावे लागले आणि वर्षअखेरीस मजुरी थकल्याच्या तक्रारी वारंवार ऐकू आल्या.

या साऱ्या इतिहासाचा बोध कोणता? हक्क हा शब्द कायद्यात लिहिला म्हणजे काम संपत नाही. त्या हक्काची किंमत कोणी द्यावयाची हे ज्या क्षणी उघडपणे ठरते, त्या क्षणी त्याला देह प्राप्त होतो. आणि तो देह राखावयाचा तर जमेची बाजू आणि खर्चाची बाजू यांचा मेळ दरवर्षी कोणीतरी विचारावा लागतो. १९७५ साली विधिमंडळाने पहिली गोष्ट केली. दुसरी गोष्ट सातत्याने करणारे कमी पडले. मोर्चे कामासाठी निघाले. निधीच्या हिशेबासाठी फारसे निघाले नाहीत. कर देणाऱ्या शहरी मनुष्याने तर आपण हा कर कशासाठी देतो, हेच विसरून टाकले.

महाराष्ट्रात नोकरी करणाऱ्याच्या पगारपत्रकात व्यवसाय कर म्हणून दरमहा २०० रुपये कापलेले दिसतात आणि फेब्रुवारीत ३००. अकरा महिन्यांचे २,२०० आणि एका महिन्याचे ३००, मिळून संविधानाने घातलेली २,५०० ची मर्यादा पूर्ण होते. फेब्रुवारीतच शंभर रुपये जास्त का, अशी चौकशी अनेकजण करतात आणि लेखा शाखेतून त्यांना हा हिशेब समजावून सांगितला जातो. हा कर मुळात सुरू का झाला, हे मात्र कोणी विचारत नाही. विचारले तर त्याचे उत्तर १९७३ च्या उन्हाळ्यात, खडीच्या ढिगाशेजारी हातोडा घेऊन बसलेल्या लाखो माणसांपाशी जाऊन पोहोचते.